गळतीकाकांचा समुद्रासमोरचा फ्लॅट

त्यांना सगळी गल्ली गळतीकाका म्हणायची. खरं नाव पाण्याच्या बिलावर होतं, आणि ते बिल त्यांच्याशिवाय कोणी वाचत नसे. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस. कुणाकडे नुसते चहाला गेले तरी कप तोंडाला लावायच्या आधी मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "आत कुठंतरी ठिबकतंय." आणि ठिबकत असायचंच. एकदा कुणाच्या घरी सांत्वनाला गेले होते, तर डोळे पुसता पुसता सिंकखालचा वॉशर बदलून आले.

नवीन घर घेणारे लोक आधी त्यांचा सल्ला घ्यायचे. काकांचं म्हणणं ठरलेलं असे. "फरशीकडे बघू नका, पाइपाकडे बघा. फरशी गोड बोलते, पाइप खरं बोलतो." त्यांच्या या एका वाक्यावर गल्लीतली निदान सहा घरं फसता फसता वाचली होती.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला हा प्रकार. पुढचे 'कोरडे पाषाण' म्हणजे काय, ते काकांना साठी उलटल्यावर कळायचं होतं.

कारण झालं गुडघे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मोऱ्यांमध्ये उकिडवं बसून काकांचे गुडघे जिन्यावर कुरकुरायला लागले होते. गावची हवा दमट, हिवाळा लांबलचक. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कोरडं ऊन पाहिजे." डॉक्टर ते सहज बोलून गेले, पण बाहेरच्या खोलीत टेबलावर एक गुळगुळीत पत्रक पडलं होतं. त्यावर निळा समुद्र, पांढरी इमारत, आणि गॅलरीत पाय पसरून बसलेला एक म्हातारा. त्याचे गुडघे काकांनी नीट निरखून पाहिले. छान होते.

पत्रक परदेशातलं होतं. त्या देशात म्हणे लोकांनी हौसेनं इतकी घरं बांधली की राहायला माणसं उरली नाहीत. मग बाजार कोसळला, आणि काल सोन्याच्या भावानं विकला जाणारा फ्लॅट आज भंगाराच्या भावात मिळायला लागला. एका हॉटेलात माहितीसाठी सभा होती. काका एकटेच गेले. घरी सांगितलं, नळाच्या कंपनीचं प्रदर्शन आहे.

सभेत करड्या सुटातली एक बाई फार मायेनं बोलली. एजंट होती ती. म्हणाली, "बाजारानं तळ गाठलाय. आता याच्या खाली जायला जागाच नाही. पुढची दोन वर्षं फ्लॅट आम्हीच भाड्यानं देऊ, भाड्याची हमी आमची. तुम्ही हिवाळ्यात यायचं आणि उन्हात बसायचं."

काका घरी आले ते तरंगतच.

काकू पुढच्या खोलीत मशीनवर बसल्या होत्या. त्या लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायच्या. कुणाची कंबर वाढवायची, कुणाची बाही कापायची. कपडा कितीही भारी असो, हातात आला की काकू तो आधी उलटा करायच्या. "सुलटी बाजू दुकानदाराची असते," असं त्या म्हणायच्या.

काकांनी पत्रक मशीनवर ठेवलं. काकूंनी ते वाचलं, मग खरोखरच उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"अहो, एवढं चांगलं आहे तर तिथलेच लोक का घेत नाहीत?"

"अगं, त्यांच्याकडे पैसे नाहीत म्हणून तर स्वस्त आहे."

"आणि आपल्याकडे आहेत?"

"गाळा विकला तर होतील."

चौकातला त्यांचा दुकानाचा गाळा बंदच होता. कामं कमी केल्यापासून त्यात जुने पाइप आणि कोळी राहायचे. पण तोच त्यांचा म्हातारपणचा आधार होता. काकूंनी टाचणी तोंडात धरली. तोंडात टाचणी असली की त्या बोलत नसत, आणि ही टाचणी त्या दिवशी बराच वेळ निघाली नाही.

जावई बँकेत नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "बाबा, पडत्या बाजारात घेणं म्हणजे पडती सुरी पकडण्यासारखं असतं. पातं हातात येईल की मूठ, सांगता येत नाही."

"जावईबापू, मी आयुष्यभर गंजलेली हत्यारं हाताळलीत," काका म्हणाले.

आता काकांना आतून खरं काय हवं होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ते मागच्या दारानं लोकांच्या घरात शिरले होते. चपला बाहेर, पिशवी हातात, नजर खाली. केवढाली न्हाणीघरं त्यांनी लोकांना बांधून दिली, आणि स्वतःच्या घरात अंघोळीला जायचं तर धुण्याची बादली आधी बाहेर काढावी लागे. पत्रकातल्या फ्लॅटला दोन न्हाणीघरं होती. एक माझं, एक हिचं. एवढाच त्यांचा चैनीचा हिशेब.

एजंटबाईनं तीन दिवसांची पाहणी घडवून आणली, विमान आणि जेवण तिच्याच खर्चानं. विमानतळापासून परत विमानतळापर्यंत तिनं काकांना एक क्षण एकटं सोडलं नाही. रस्त्यात कुणी म्हातारा बाकावर दिसला आणि काका त्याच्याकडे वळले, की ती लगेच म्हणायची, "चला, कॉफी घेऊ." काकांना वाटलं, काय अगत्य आहे!

फ्लॅट पाहिला. म्हणजे नमुन्याचा पाहिला. स्वतःचा अजून रंगायचा होता. काकांनी अर्थातच नळ सोडले. स्वयंपाकघरातला, दोन्ही न्हाणीघरांतला, गॅलरीतलासुद्धा. पाण्याला जोर असा की शर्ट भिजला. काका भिजल्या शर्टानं समुद्राकडे बघत उभे राहिले. पाणी येतंय ना, हे त्यांनी बघितलं. ते कुठून येतंय, हे विचारायचं राहिलं. चाळीस वर्षांत हा प्रश्न विचारायला ते एकदाच विसरले, आणि तेही स्वतःच्या घरासाठी.

वकीलही एजंटबाईनंच दिला. कागद तिकडच्या भाषेत होते. वकील बोट ठेवायचा, काका सही करायचे. "यात काय लिहिलंय?" असं त्यांनी एकदा विचारलं. वकील हसून म्हणाला, "नेहमीचंच." एजंटबाईनं त्याचं भाषांतर केलं, तेही हसूनच.

गाळा गेला. कोळ्यांनी बिऱ्हाड हलवलं. चार महिने हमीचं भाडं आलं आणि काका गल्लीतून चालताना थोडे मोठ्या आवाजात खोकायला लागले. पाचव्या महिन्यात भाडं आलं नाही. सहाव्यात एजंटबाईचा फोन लागेना. काका म्हणाले, "सुट्टीवर गेली असेल." काकू म्हणाल्या, "मग आपणही जाऊ या. आपलं घर आहे ना तिथं?"

हिवाळ्याच्या तोंडावर दोघं निघाले. एजंटबाईनं 'समुद्र पाच मिनिटांवर' म्हटलं होतं. ते गाडीनं होतं, आणि गाडी तिची होती. स्टँडवरून बॅगा ओढत दोघं पोचले, तेव्हा फाटकाला साखळी होती आणि पोहण्याच्या तलावात हिरवं पाणी साचलं होतं. त्यात बेडकांची भरभराट दिसत होती. चौसष्ट फ्लॅटांपैकी नऊ विकले गेले होते. बाकीच्यांच्या दारांवर बँकेचे शिक्के होते. बिल्डरचं दिवाळं निघालं होतं.

साखळीच्या फटीतून आत शिरून काका थेट आपल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. नळ खोकला, एक तपकिरी थेंब टाकला आणि गप्प झाला.

काका सिंकखाली वाकले. गॅलरीतला नळ बघितला, दोन्ही न्हाणीघरांतले बघितले. मग जिना चढून गच्चीवर गेले, आणि तिथं त्यांना उलगडा झाला. नमुन्याच्या फ्लॅटवर एक प्लास्टिकची टाकी होती. टँकरनं भरलेली. बाकी इमारतीला बांधकामापुरतं तात्पुरतं पाणी दिलेलं होतं, ते बिल्डरनं पैसे थकवल्यावर तोडलं गेलं होतं. सबंध इमारतीला पाण्याची कायमची जोडणी नव्हतीच.

काका खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा त्या तलावाच्या रंगाचा झाला होता. काकू गॅलरीत बॅगेवर बसल्या होत्या, कारण खुर्च्याही यायच्याच होत्या. पलीकडच्या फ्लॅटच्या काचेवर विक्रीचा कागद चिकटवलेला होता. आकडे सगळीकडे सारखेच असतात, ते काकूंनी वाचले होते.

"अहो, तळ गाठला होता म्हणालात ना?"

"हो."

"तळघर पण आहे म्हणायचं. शेजारचा आपल्या निम्म्यात निघालाय."

काकू रागावतील, रडतील, गाळ्याचं नाव काढतील, असं सगळं काकांनी मनात योजून ठेवलं होतं. काकू म्हणाल्या, "ऊन मात्र खरं आहे." आणि त्यांनी पाय लांब केले. काकांना त्या बोलण्यापेक्षा टाचणी परवडली असती.

पहिला आठवडा दोघांनी खालच्या वस्तीतून डब्यांनी पाणी आणलं. दुखऱ्या गुडघ्यांनी, चढावरून. तिथंच त्यांना शेजारीण भेटली. तिसऱ्याच देशातली, निवृत्त मुख्याध्यापिका. तिलाही त्याच करड्या सुटानं फ्लॅट विकला होता. तिला तिकडची भाषा येत होती, आणि काकांची मोडकीतोडकी इंग्रजी समजत होती. ती भाषा येत असूनही फसली हे ऐकून काकांना फार बरं वाटलं. दुःख वाटून घेतल्यानं कमी होतं ते असं.

मुख्याध्यापिका काकांना घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनानं सांगितलं ते तिनं समजावलं. इमारत पूर्ण झाल्याचा दाखला नाही, म्हणून जोडणी नाही. नऊ मालकांनी मिळून संस्था करा, अर्ज करा. आणि मुख्य लाइन ज्या परवानाधारक प्लंबरनं टाकली, त्याची सही आणा.

"म्हणजे लाइन टाकलेली आहे?" काकांनी मान तिरकी केली.

नकाशात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काका फाटकाजवळ फावडं घेऊन खणत होते. काकू गॅलरीतून ओरडत होत्या, "अहो, गुडघे! गुडघ्यांसाठी आलात ना?" पण काका आता ऐकण्यापलीकडे गेले होते. दुपारपर्यंत पाइप लागला, आणि तो बघून काका मातीत फतकल मारून बसले. असं काम त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. प्रत्येक जोड सरळ, उतार अचूक, खाली वाळूची गादी. घर बांधणारा लबाड होता, पण पाइप टाकणारा कारागीर होता. फक्त रस्त्याच्या मुख्य लाइनला जिथं जोडायचं, तिथला व्हॉल्व्ह गायब होता. वीतभर जागा रिकामी, आणि दोन्ही तोंडांना नीट टोपणं लावलेली. चोर टोपणं लावून जात नाही. काकांना काय ते कळलं.

नकाशावरच्या नावाचा प्लंबर वस्तीतच राहत होता. काकांच्याच वयाचा, पोट थोडं जास्त. मुख्याध्यापिकेला घेऊन काका दारात उभे राहिले, तेव्हा त्यानं दार अर्धंच उघडलं. इमारतीचं नाव ऐकताच तेही लावायला निघाला.

"त्याला सांगा," काका घाईनं म्हणाले, "त्याच्या जोडात मी नख घालून पाहिलं. नख शिरलं नाही."

मुख्याध्यापिकेनं सांगितलं. दार तसंच राहिलं. मग काकांनी खिशातून आपला जुना पाना काढला, चाळीस वर्षांनी मुठीच्या आकाराचा झालेला, आणि समोर धरला. त्या माणसानं तो घेतला, उलटसुलट केला, दात तपासले. आत गेला आणि स्वतःचा घेऊन आला. तो त्याहून जुना होता. तो दाखवताना त्याची मान किंचित वर झाली, आणि दार पूर्ण उघडलं.

मग चहा झाला आणि सगळी हकीगत बाहेर आली. बिल्डरनं त्याला दमडी दिली नव्हती. तीन महिने खेटे घातल्यावर एका सकाळी त्यानं जाऊन आपला व्हॉल्व्ह काढून आणला होता. "माझ्या पैशानं आणला होता," तो म्हणाला. व्हॉल्व्ह जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवला होता. दर रविवारी तो त्याला तेल लावायचा.

नऊ मालकांनी वर्गणी काढून त्याचे थकलेले पैसे दिले. तसं देणं बिल्डरचं होतं, आणि एक निवृत्त ट्रकवाला मालक त्यावर बरंच तणतणला. पण डब्यांनी पाणी वाहून त्याचीही पाठ धरली होती. संस्था झाली, प्लंबरची सही झाली, अर्ज झाला, खिडकीतल्या कारकुनाच्या चार सुट्ट्या झाल्या. व्हॉल्व्ह बसवला त्या दिवशी दोन म्हातारे खड्ड्यात उकिडवे बसले होते. एक तिकडच्या भाषेत बोलत होता आणि एक आपल्या, आणि दोघं एकमेकांना बरोबर पाहिजे तेच हत्यार देत होते. वर नऊ मालक बादल्या घेऊन उभे, जणू पाणी उडी मारून बाहेर येणार.

काकूंनी पहिली अंघोळ केली, त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरात. तासभर बाहेर आल्या नाहीत. काका बाहेरून म्हणाले, "अगं, मीटर फिरतंय!" आतून उत्तर आलं, "फिरू दे. गाळा विकलाय त्यासाठी."

पाणी आलं, पण भाव काही आला नाही. खोटं कशाला बोला? संस्थेचा देखभाल खर्च चौसष्टांऐवजी नऊ जणांत वाटला जायचा, तो काकांच्या डोक्यावर दरवर्षी येऊन बसायचा. तिकडच्या कराची नोटीस यायची. त्यात आपला रुपया घसरला की तोच खर्च आणखी फुगायचा. एजंटबाईच्या कचेरीच्या जागी पादत्राणांचं दुकान निघालं. काकांनी फ्लॅट विकायलाही काढून पाहिला. दोनदा गिऱ्हाईक आलं. दोन्ही वेळा काकांनी त्यांना हौसेनं सगळीकडे फिरवलं. "हे बघा, इथं ओल येते. इथं उतार उलटा आहे. या भिंतीत पाइप कुठून गेलाय ते बिल्डरलाही ठाऊक नव्हतं." गिऱ्हाइकं आभार मानून गेली.

"तुम्ही विकायला उभे होता की पकडून द्यायला?" काकूंनी विचारलं.

"उद्या त्यांचं छत गळलं म्हणजे?"

पदरी पडलं पवित्र झालं म्हणून काकूंनी गॅलरीला जाड कापडाचं छत शिवलं. ते बघून मुख्याध्यापिकेनं मागितलं, मग ट्रकवाल्यानं. सहा आठवड्यांची सुट्टी म्हणून दोघं दर हिवाळ्यात जायचे. तिथं काका त्या प्लंबराबरोबर बँकेच्या फ्लॅटांतल्या गळत्या काढायचे आणि काकू छतं शिवायच्या. जावई म्हणायचा, "तुम्ही कामाला परदेशी जाता आणि आरामाला घरी येता." ते काही अगदीच खोटं नव्हतं. गुडघे मात्र उन्हात खरंच बरे असत. तोटा झाला तो झाला, तो भरून निघाला असं काका कधी म्हणाले नाहीत. आणि काकूंनीही त्यांना ते म्हणायला लावलं नाही.

पाचेक वर्षांनी गल्लीतला बेकरीवाला एक गुळगुळीत पत्रक घेऊन आला. वेगळा देश, पण समुद्र तसाच निळा. "काका, निम्म्या किमतीत आहे. बेकरीची मागची जागा विकावी म्हणतो. तुम्ही तर अनुभवी."

काकांनी त्याला समोर बसवलं आणि दोन तास सोडलं नाही. वकील आपला घ्यायचा, विकणाऱ्यानं दिलेला नाही. कागद आपल्या माणसाकडून वाचून घ्यायचा. बिल्डरच्या डोक्यावर बँकेचं काय आहे ते बघायचं. पाहणीला एकट्यानं जायचं, पावसात जायचं, बाकावरच्या म्हाताऱ्याशी बोलायचं. पाणी कुठून येतं ते विचारायचं. "आणि हमीचं भाडं म्हणजे काय, माहीत आहे? तुझेच पैसे तुला हप्त्यानं परत. किंमत आधीच वाढवलेली असते." शेवटी म्हणाले, "सगळ्यात आधी एक महिना भाड्यानं राहून बघ. माझ्याच फ्लॅटवर जा. ऐन थंडीत जा. मग ठरव."

बेकरीवाला गुणी माणूस. त्यानं तंतोतंत तसं केलं. बायकोला घेऊन काकांच्या फ्लॅटवर महिनाभर राहिला. तिथली दुपारी बंद होणारी दुकानं बघितली, रिकाम्या इमारतीतला वारा ऐकला, संध्याकाळी बोलायला कोण मिळतं ते बघितलं, स्टँडवरून बॅगा ओढल्या. परत आला तो ताजा पाव घेऊन थेट काकांकडे.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू? वाचलो! असं घर कुणी फुकट दिलं तरी घ्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी तिथंच ठरवलं. बेकरीची जागा राहिली. तुम्ही होता म्हणून."

काका म्हणाले, "बरं झालं." पाव ठेवून घेतला, बेकरीवाल्याला दारापर्यंत सोडून आले. मग दोन दिवस नीट जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी काकूंनी मशीन थांबवलं. "झालंय काय तुम्हाला?"

"काही नाही."

"सांगा की."

"अगं, वाचला तो, चांगलंच झालं," काका म्हणाले. "पण 'फुकट दिलं तरी नको' म्हणजे काय? गॅलरी बघितली नाही का त्यानं? आणि दोन न्हाणीघरं? पाण्याला जोर काय आहे तिथं आता!"

काकू हसू दाबायला टाचणी शोधत राहिल्या, पण ती वेळेवर सापडली नाही.